निकाल फाटकावर वाचला जाईल

आम्ही मजुरीवर आणि पगारावर जगणारी माणसे आहोत. आम्ही ऊस तोडतो, गटारे उपसतो, कचेऱ्यांत टंकलेखन करतो, वॉर्डांत रात्रपाळी करतो, वर्गात शिकवतो, पडद्यावरचे चेहरे रंगवतो. आमच्यातल्या कुणाला बाई म्हणून कमी पगार मिळाला. कुणाचे आडनाव ऐकून मुलाखत तिथेच आटोपली. कुणाला दिवस गेल्याचे कळताच घरी बसवले. कुणाच्या हातातली पांढरी काठी पाहून अर्जही घेतला नाही. गेल्या पन्नास वर्षांत या देशाच्या न्यायालयांनी यातल्या बहुतेक गोष्टी बेकायदेशीर ठरवल्या, आणि तरी त्या रोज सकाळी हजेरीपासून सुरू होतात. निकाल लागले आहेत, ते कामाच्या जागी पोचलेले नाहीत. ते पोचवण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत.

कामाच्या जागचा भेदभाव महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. दलित कामगाराच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. ही बंदी सहकाऱ्यांनी पाळली आणि मालकांनी चालू दिली. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि हा अन्याय दूर झालाच पाहिजे असा आग्रह धरला. संप मजुरीसाठी होता, आणि मजुरीचा प्रश्न जातीचा प्रश्न टाळून सुटणार नाही हे त्यांनी तेव्हाच सांगितले होते.

१९५० साली संविधान आले. कलम १४ ने कायद्यासमोर समानता दिली. कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्याला मनाई केली. कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ही कलमे आपोआप अमलात आली नाहीत. दर वेळी कुणातरी एका माणसाला नोकरी, नाव आणि उमेदीची वर्षे पणाला लावून न्यायालयाची पायरी चढावी लागली. सी. बी. मुथम्मा या भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. लग्नाआधी सरकारची परवानगी घेण्याचा नियम या सेवेत फक्त स्त्रियांना होता आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर राजीनामाही फक्त स्त्रीकडेच मागता येत असे. १९७९ मध्ये न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी असे नियम स्पष्ट शब्दांत भेदभावाचे ठरवले. संविधान लागू होऊन तोवर जवळपास तीस वर्षे झाली होती.

आता मुंबईतल्या एका खटल्याची हकीकत सांगतो. ती प्रत्येक कचेरीत माहीत असायला हवी होती. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. १९७७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्याच कंपनीतल्या पुरुष स्टेनोग्राफरांना आपल्यापेक्षा जास्त पगार मिळत होता, म्हणून १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली त्यांनी फरकाची रक्कम मागितली. कंपनीने सांगितले की या बायका वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतात, म्हणून त्यांचे काम वेगळे आहे. कंपनीने सांगितले की पगार कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्यानुसार ठरला आहे. कंपनीने हेही सांगितले की आपली आर्थिक स्थिती बिकट आहे. कामगार खात्यापासून उच्च न्यायालयापर्यंत आणि तिथून दिल्लीपर्यंत खटला गेला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिन्ही सबबी फेटाळल्या. काम सारखे असेल तर दाम सारखाच. समझोता कायद्यापेक्षा मोठा नाही. आणि परवडत नाही म्हणून बाईला कमी पगार देता येणार नाही. इतक्या वर्षांच्या या लढाईत वादात होती ती थकबाकी ७,००० रुपयांहून थोडीशीच अधिक होती.

या तीन सबबी आजही आम्हाला जशाच्या तशा ऐकवल्या जातात. तुमच्या कामाचे स्वरूप वेगळे आहे. करार झालेला आहे. सध्या दिवस बरे नाहीत. त्यांचे उत्तर १९८७ मध्येच दिले गेले आहे, आणि ज्यांना त्या ऐकवल्या जातात त्यांच्यापर्यंत ते अजून आलेले नाही.

या खटल्यातली दुसरी एक गोष्ट आम्हा संघटनेत काम केलेल्यांना लागणारी आहे. पगारातला फरक ज्या समझोत्यात मुरला होता त्यावर कामगार संघटनेची सही होती. पुढे सिनेसृष्टीतही असेच घडले. मुंबईच्या सिने कॉस्च्यूम, मेकअप आर्टिस्ट आणि हेअर ड्रेसर संघटनेत बाईला फक्त हेअर ड्रेसरचे कार्ड मिळे. मेकअप आर्टिस्टचे कार्ड पुरुषांचे. पुरुषांच्या हातचे काम जाऊ नये ही त्यामागची भूमिका. कार्ड नाही तर सेटवर काम नाही. सुमारे सहा दशके हे चालले. वर महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अटही होती. चारू खुराणा या मेकअपचे रीतसर शिक्षण घेतलेल्या कलावंत. त्यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही अटी रद्द केल्या. ज्या संघटनेने तिच्यासाठी लढायचे तीच तिच्या वाटेत उभी होती. म्हणून या चळवळीचे पहिले काम आमच्या स्वतःच्या घरात आहे. आमच्या संघटनांच्या घटना, सभासदत्वाचे नियम, सह्या केलेले करार आम्ही आधी वाचू, आणि त्यात जात, लिंग, गाव किंवा देह पाहून बंद केलेले जे दार सापडेल ते आधी उघडू.

निकाल लागल्यावर त्याचे काय होते हे पाहायचे असेल तर विशाखा खटल्याचा प्रवास पाहावा. राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. बालविवाह थांबवणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. ते काम केले म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. या घटनेनंतर स्त्री संघटनांनी केलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूत्रे दिली, आणि कायदा होईपर्यंत तीच कायदा समजावीत असे सांगितले. बहुतेक मालकांनी ती वाचलीही नाहीत. पुण्याच्या आलोचना संस्थेच्या मेधा कोतवाल यांनी न्यायालयाला पत्र पाठवून हे दाखवून दिले, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाला मान्य करावे लागले की सूत्रांची अंमलबजावणी कागदापलीकडे गेलेली नाही. २०१३ मध्ये कायदा झाला. मग मे २०२३ मध्ये गोव्यातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा तेच म्हणावे लागले, की इतका काळ लोटूनही अंमलबजावणीत गंभीर उणिवा आहेत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये न्यायालय प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या करा, असे आदेश देत होते. एकाच अधिकारासाठी सत्तावीस वर्षे पुन्हा पुन्हा आदेश. आणि ज्या बाईच्या यातनेतून हा कायदा निघाला तिच्या पदरात न्याय पडला नाही.

मुंबई महानगरपालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांचे तसेच झाले. कचरा वाहतूक श्रमिक संघाने कायम नोकरीसाठी दिलेला लढा औद्योगिक न्यायाधिकरणात जिंकला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. २,७०० कामगारांना कायम करायचे होते. त्यातल्या अनेकांना पुढेही वाट पाहत बसावे लागले, कारण कागदोपत्री त्यांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक होता. पिढ्यान्‌पिढ्या शहराचा कचरा उचलणाऱ्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने जे दिले ते एका अक्षराने अडवून धरले. असा निकाल टेबलाटेबलावर अडतो आणि कामगाराला एकट्याने त्या प्रत्येक टेबलाशी झगडावे लागते. हे आम्हाला मान्य नाही.

आमची श्रद्धा सांगतो.

आम्ही मानतो की निकाल हा फक्त फिर्यादीचा नसतो. ऑड्री डिकोस्टांनी मिळवलेला पगार त्यांचा, आणि त्यांनी मिळवलेले तत्त्व आमच्या सगळ्यांचे. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा संविधानाच्या कलम १४१ प्रमाणे देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. मग तो कारखान्याच्या फाटकाशी का थांबावा?

आम्ही मानतो की भेदभाव मालकाच्या मनात शोधायचा नसतो, तो परिणामात दिसतो. लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशन द्या असा आदेश फेब्रुवारी २०२० मध्ये झाला. ते देताना लष्कराने शारीरिक तंदुरुस्तीची अट लावली, दिसायला स्त्री-पुरुष दोघांना सारखीच. पुरुष अधिकारी पाच-दहा वर्षांच्या नोकरीनंतर, ऐन तारुण्यात त्या कसोटीला उतरले होते. बायकांना मात्र तीच कसोटी चाळिशी-पन्नाशीत लावली गेली, कारण त्यांना योग्य वेळी संधीच दिली नव्हती. मार्च २०२१ मध्ये लेफ्टनंट कर्नल नितिशा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. आमच्या दृष्टीने गेल्या काही दशकांतला हा सर्वांत मोलाचा निकाल आहे. कारण आजचा भेदभाव बहुतेक वेळा याच वेषात येतो. नियम सगळ्यांना एक असतो, आणि त्याखाली दर वेळी तीच माणसे चिरडली जातात.

हा निकाल हातात घेऊन आमच्या शेतशिवारात या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाने दिलेली आगाऊ उचल त्या कोयत्यावर असते. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर ऊस तोडते, मोळी डोक्यावर वाहून गाडी भरते, आणि तिच्या नावावर मजुरीचा एक रुपयाही वेगळा लिहिला जात नाही. पाळीच्या त्रासाने एक दिवस बसली तर खाडा धरून पैसे कापतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये साऱ्या देशासमोर आला, तेव्हा लोक हळहळले. आम्ही म्हणतो, हळहळ पुरे, हिशेब मांडा. खाड्याचा नियम पुरुषाला आणि बाईला सारखा दिसतो. त्याचा भार कुणाच्या देहावर पडतो ते नितिशा निकालाच्या कसोटीने मोजा.

आम्ही मानतो की कंत्राट ही पळवाट आहे, आणि त्या पळवाटेला जात आहे. ज्या कामाला समाजाने पूर्वी जन्माने माणसे नेमली तेच काम आज कंत्राटदाराकडे आहे आणि माणसेही तीच आहेत. २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रोजंदारीवरच्या बायकांनाही बाळंतपणाचे लाभ दिले. २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान दाम लागू केले. २०१४ मध्ये गटारात मेलेल्या कामगारांच्या वारसांना १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातसुद्धा जात पाहून झाडूकाम आणि स्वयंपाक वाटून देणारे नियम रद्द केले. तुरुंगात जे चालत नाही ते महापालिकेच्या कंत्राटात कसे चालते? याचे उत्तर आम्ही प्रत्येक महापालिकेकडे लेखी मागणार आहोत.

आम्ही मानतो की देह पाहून माणसाची लायकी ठरत नाही. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले होते की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीची लागण आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. आणि त्या कामगाराला नाव गुप्त ठेवून लढू दिले होते. अपंग व्यक्तींना कामाच्या जागी वाजवी सोयी मिळणे हा हक्क आहे, उपकार नाही, हे २०१६ चा कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा विकास कुमार निकाल यांनी ठरवून टाकले आहे. पारलिंगी व्यक्तींचे समान स्थान २०१४ पासून मान्य आहे.

आम्ही न्यायालयांचे ऋणी आहोत, पण त्यांच्यासमोर मान झुकवून उभे नाही. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या गरोदरपणाला नोकरी काढून घेण्याचा नियम रद्द केला. हे योग्यच झाले. पण त्याच निकालात नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी जाण्याचा नियम कायम राहिला, आणि त्याच्या समर्थनात कुटुंबनियोजनाचाही दाखला दिला गेला. स्त्री कर्मचाऱ्यांचा वर्गच वेगळा, म्हणून निवृत्तीचे वयही वेगळे, असेही त्या निकालाने मान्य केले. हा तर्क आम्हाला पटलेला नाही. आधी बायकांना वेगळ्या पदावर नेमायचे आणि मग पद वेगळे म्हणून वागणूक वेगळी द्यायची, हा वर्तुळात फिरणारा युक्तिवाद आहे. न्यायालये चुकतात आणि पुढची न्यायालये ती चूक दुरुस्त करतात. ती दुरुस्ती व्हावी म्हणून बाहेर कुणाला तरी वाद घालत राहावे लागते. तो वाद आम्ही घालू.

आणि कायद्यातली मोठी पोकळी आम्ही उघडपणे दाखवू. कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खासगी कंपनीने लिंगावरून भरतीत किंवा वेतनात भेद करू नये असा कायदा १९७६ पासून आहे आणि आता तो वेतन संहितेत आला आहे. पण खासगी कचेरीत केवळ जातीमुळे किंवा धर्मामुळे नोकरी नाकारलेल्या मुलाला थेट दाद मागता येईल असा सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला कायद्याने मनाई केली. जात जिथे जन्मली तिथे पुण्याच्या आयटी पार्कात हे संरक्षण नसावे, ही लाजेची गोष्ट आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करण्यात महाराष्ट्राने २०१६ मध्ये पुढाकार घेतला. त्याच विधानसभेने नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा, ही आमची मागणी आहे. जात, धर्म, लिंग, लैंगिकता, अपंगत्व, गरोदरपण, आजार, सगळे त्यात यावे. सिद्ध करण्याचे ओझे एकट्या कामगारावर नसावे. भरती, पगार आणि बढतीचे आकडे कंपनीकडे असतात. ते दाखवण्याची जबाबदारीही तिचीच असावी.

आम्ही काय करणार?

आम्ही निकाल मराठीत आणू. जिल्हा न्यायालयांत मराठी आहे, उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, आणि आमचे भवितव्य ठरवणारी पाने बहुतांश इंग्रजीतच राहतात. सर्वोच्च न्यायालय आता काही निकालांची मराठी भाषांतरे देऊ लागले आहे; त्यांचे आम्ही स्वागत करतो. पण भाषांतर वाचून बाईला कळायला हवे की तिने उद्या काय करायचे आहे. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या निकालाचे दोन पानांचे सोपे मराठी रूप आम्ही तयार करू. वकील ते तपासतील, कामगार ते वाचून पाहतील, आणि कामगारांना कळले नाही तर पुन्हा लिहू.

आम्ही ते फाटकावर वाचू. पाळी सुटताना, पाळी भरताना, मोठ्याने. कारखान्यापुढे, इस्पितळापुढे, महापालिकेच्या चौकीपुढे, साखर कारखान्याच्या अड्ड्यावर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांच्या मधोमध.

आम्ही लेखी प्रश्न विचारू. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. ती कुठे आहे, तिच्यात कोण आहे, ते भिंतीवर लावले आहे का? दहाहून कमी माणसे असतील तिथली बाई आणि घरकाम करणारी बाई कुठे जाईल? जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तर ती समिती बसते कुठे, हे प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याला आम्ही माहिती अधिकारात विचारू. लैंगिक छळाची तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करावी लागते. न्यायालयाला वर्षे मिळतात, तिला तीन महिने. ही मुदत प्रत्येक बाईला पाठ असली पाहिजे.

आणि जो लढायला उभा राहील त्याला आम्ही एकटे सोडणार नाही. तारखेला त्याच्या बाजूच्या बाकावर आमच्यातले कुणीतरी बसलेले असेल. नोकरी गेली तर घर चालेल इतके आम्ही आपसांत वर्गणीतून उभे करू. निकाल लागला की काम संपले असे आम्ही म्हणणार नाही. शेवटच्या कामगाराच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत, स्पेलिंगची शेवटची चूक दुरुस्त होईपर्यंत आम्ही त्या टेबलाशी जाऊ.

वकिलांनो, विधी महाविद्यालयातल्या मुलामुलींनो, निवृत्त कामगार अधिकाऱ्यांनो, तुमच्या ज्ञानाची आम्हाला गरज आहे. संघटनांच्या जुन्या कार्यकर्त्यांनो, तुमचे करार घेऊन या. आणि तुम्ही, जे पाळीच्या वाटेवर हे वाचत आहात, तुमची पगाराची पावती शेजारच्या माणसाच्या पावतीशेजारी ठेवा. फरक दिसला तर त्याचे कारण लेखी मागा.

विशाखा निकालाची तारीख १३ ऑगस्ट आहे. येत्या १३ ऑगस्टला तुमच्या फाटकावर पहिले वाचन ठेवा. कोणता निकाल वाचायचा ते तुमच्या खात्यातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला विचारून ठरवा.